मागचा दिवा

मानकापूरच्या सिग्नलवर शेजारच्या गाडीची काच खाली आली, आतून एक हात बाहेर निघाला आणि त्याची पाची बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. गोपिका रंगारीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दुचाकी चालवणाऱ्या कुणालाही ही खूण कळते: भर दिवसा लाईट चालू राहिलाय, बंद करा. आता ती पूर्वीइतकी कुणी करत नसे. सतरा सालानंतर निघालेल्या दुचाक्यांचा समोरचा दिवा बंदच होत नाही, त्याला बटणच नसतं, इंजिन सुरू असेतोवर तो जळतो, हे एव्हाना शाळेतल्या पोरांनाही माहीत झालं होतं. राहिली होती ती म्हातारी माणसं. त्यांना उजेड वाया गेलेला बघवत नाही. जानेवारीचं पिवळं ऊन छावणीकडच्या झाडांवरून उतरून रस्त्यावर आडवं पडलं होतं आणि शाळेतून घरी निघालेल्या गोपिकाच्या स्कुटीचा दिवा त्या उन्हात धड कळतही नव्हता. तरी तो हात थांबेना. मग घसा खाकरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ शब्द आले, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. "ताई, लाईट चालू आहे तुमचा."

तिनं वळून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. तो आवाज तिनं कोर्टात ऐकला होता. आरोपीच्या जागी उभा राहूनही तो माणूस तिथं व्याख्यानाला उभा राहिल्यासारखा उभा होता. शरच्चंद्र सरमुकद्दम, निवृत्त प्राचार्य. आधी असाच घसा खाकरला होता आणि मग अशीच सुटी सुटी अक्षरं: "तो मला दिसलाच नाही. त्याच्या मोटारसायकलचा लाईट बंद होता." तो, म्हणजे गोपिकाचा नवरा धम्मदीप. खापरखेड्याच्या वीज केंद्रातली पहिली पाळी संपवून, डब्यात अर्धी भाकरी शिल्लक ठेवून भर दुपारी घरी निघालेला. समोरून येणारी सरमुकद्दमांची गाडी पेट्रोल पंपाकडे जायला उजवीकडे वळली, ती सरळ त्याच्यावरच वळली. दिसलाच नाही, हे वाक्य गोपिकानं कदाचित गिळलं असतं. माणसाला नाही दिसत कधी कधी. डोळे उघडे असणं आणि दिसणं यात केवढं अंतर असतं, हे ती स्वतः आठवीच्या वर्गाला प्रकाशाचा धडा शिकवताना दरवर्षी सांगायची. पण दुसरं वाक्य तिच्या घशात अडकलं ते अडकलंच. पहिल्या दिवशी ते वाक्य नव्हतंही. ते मागाहून आलं, आणि एकदा आलं ते जाईना. ज्या दिव्याला बटणच नाही तो बंद कसा असेल, असं तिनं चौकीत विचारलं होतं. चौकीतला साहेब सरांचा जुना विद्यार्थी निघाला. "मॅडम, दुपारचा टाईम होता. लाईट चालू काय न् बंद काय," असं तो म्हणाला, वाईट वाटून म्हणाला. मोटारसायकलच्या समोरच्या दिव्याचा चुरा झाला होता. उरली ती माणसांची तोंडं, आणि सरांच्या तोंडावर अविश्वास दाखवायचं कुणाला सुचलं नाही. संशयाचा फायदा मिळाला. सर सुटले. बाहेर व्हरांड्यात त्यांनी गोपिकाला हात जोडले होते. ते हात जोडणं तिला अजून स्वप्नात दिसायचं, आणि स्वप्नात ती ते हात मनगटापासून पिरगाळायची.

सिग्नल हिरवा झाला. तिला उजवीकडे नारी रोडला वळायचं होतं, घरी. सरांची नवी कोरी पांढरी गाडी सरळ निघाली, थोडी पुढं जाऊन डावीकडे सरकली, आणि वळणाच्या अंगानं तिला गाडीचं तोंड ओझरतं दिसलं. दोन्ही बाजूंना भुवयांसारख्या पांढऱ्याशुभ्र पट्ट्या जळत होत्या. म्हणजे यांच्याही गाडीला दिवसाचा दिवा आहे. मागून कुणीतरी हॉर्न मारला. "मॅडम, चला ना, झोपल्या का?" गोपिकानं उजवीकडे लावलेला इंडिकेटर बंद केला आणि सरळ निघाली.

कशाला जात आहोत, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. पाच वर्षांत तिनं ह्या माणसाचं खूप काही करून पाहिलं होतं, मनातल्या मनात. त्याचे डोळे गेलेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलंय, तो भिंत चाचपत चाललाय आणि ती वाटेत पाय घालून उभी आहे. विहारात रविवारच्या वंदनेला सगळे प्राणी सुखी होवोत म्हणताना ती तेवढ्यापुरती थांबायची, एक माणूस बाजूला काढून ठेवायची, मग उरलेल्यांना सुख द्यायची. शेजारी बसलेल्या सासूला, इंदूबाईंना, याचा पत्ता नव्हता. घरातलं कुणी त्याचं नाव काढत नसे. गोपिकाही काढत नसे. ते नाव तिनं दाढेखाली धरून ठेवलं होतं, सुपारीच्या खांडासारखं, कुणाला न दाखवता, कधी न थुंकता.

धम्मदीपनं ती मोटारसायकल आणली तेव्हा इंदूबाईंनी अंगणातच भांडण काढलं होतं. "दिवसाढवळ्या काहून लाईट जाळून राहिला गा? बॅटरी उतरन ना!" तो हसून म्हणाला होता, "बंदच नाही होत, माय. इंजिन सुरू, लाईट सुरू. सरकारनंच तसं केलं." "काहून पण?" "मी दिसलो पाह्यजे म्हणून." इंदूबाई त्याला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "येवढा धिप्पाड माणूस, दिसत नाही का तसाच?" त्या वर्षी रस्त्यानं निघालं की येणारा-जाणारा प्रत्येक जण बोटं मिटून-उघडून दाखवायचा, आणि धम्मदीप प्रत्येकाला हात उंचावून थँक्यू म्हणायचा. मागं बसलेल्या गोपिकाला हसू आवरायचं नाही. "अहो, सांगत का नाही त्यांले, की बंद होत नाही म्हणून?" तर म्हणायचा, "कोणाकोणाले सांगू? आपल्या काळजीनंच सांगून राहिले ना बिचारे. थँक्यू म्हणून टाकावं." त्याच्या पाठीला वीज केंद्राचा वास यायचा, राखेचा आणि तेलाचा, आंघोळ करूनही न जाणारा. त्या वासावर नाक टेकवून ती जायची. तो वास आता हवेत यायला लागला होता, कारण कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी दिसू लागली होती.

पांढरी गाडी बेताच्या वेगानं चालली होती. म्हातारा माणूस चालवतो तशी, डाव्या बाजूनं, उगाच कुणाला ओव्हरटेक न करता. मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं, कानांवर पांढरे केस. शेजारी कुणी नव्हतं. तो पेट्रोल पंप जवळ येऊ लागला तशी गोपिकाची हँडलवरची पकड घट्ट झाली. तिथं त्यांची गाडी हळू होईल, असं तिला वाटत होतं. ब्रेकचे दिवे एकदा तरी पेटतील. थोडा तरी पाय उचलला जाईल. ज्या जागी आपल्या हातून माणूस गेला त्या जागेवरून माणूस सरळ कसा जाईल? ती डोळे फाडून मागच्या लाल काचांकडे पाहत राहिली. पंप आला. पंपावर कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. पंप गेला. लाल काचा तशाच मेल्यासारख्या राहिल्या. सरांनी एक हात उचलून केसांवरून फिरवला, एवढंच.

त्यानंतर तिच्यातलं काहीतरी बोलायचं थांबलं. राग पण नव्हता तो. पाणी गोठताना जसं स्थिर होतं तसं काहीतरी.

ऊन संपलं. धुराड्यांच्या मागं आकाश काही वेळ भगवं राहिलं, मग राखी झालं, आणि थंडीच्या दिवसांत त्या रस्त्यावर जे होतं ते झालं: राख, धूर आणि धुकं एकात एक मिसळून जमिनीपासून हातभर वर तरंगायला लागलं. कोळशाचे आणि राखेचे ट्रक एकामागून एक येत होते. त्यांच्या ताडपत्र्या फडफडत होत्या, मागं बारीक धूळ गळत होती, ती गोपिकाच्या दातांत करकरत होती. सगळ्यांचे दिवे लागले होते. आणि समोरच्या पांढऱ्या गाडीचा मागचा भाग काळा होता.

तिनं आधी ते नुसतं पाहिलं. मग तिला समजलं. धम्मदीप गेल्यानंतर तिनं दिव्यांबद्दल मिळेल ते वाचलं होतं, गॅरेजवाल्यांना विचारलं होतं, शोरूममध्ये गाडी घ्यायचं सोंग करून गेली होती. दुसऱ्या बायका देवाला जातात तशी ती दिव्यांच्या मागं लागली होती. समोरच्या त्या पांढऱ्या पट्ट्या रस्ता दाखवायला नसतातच. त्यांचा उजेड पुढं पडत नाही. दिवसा समोरच्याला गाडी लवकर लक्षात यावी, एवढ्यापुरत्या त्या असतात. किल्ली फिरवली की आपोआप पेटतात. वळायचा दिवा लावला की त्या बाजूची पट्टी मंद होते, नाही तर तिच्या झगझगाटात पिवळी उघडझाप कळत नाही. आणि त्यांच्याबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. दिवसा मागं दिव्यांचं काम नसतं म्हणून. मागचे दिवे हवे असतील तर स्टीअरिंगजवळची दांडी फिरवावी लागते. पण गाडीत बसलेल्याला समोर पांढरा उजेड दिसतो, काट्यांच्या तबकड्या झगमगत असतात, आणि तो समजतो की आपले लाईट लागलेत. शहरात रस्त्यावर खांबांचा उजेड असतो, मागच्याला गाडी दिसते, खपून जातं. इथं खांब नव्हते. सर आत बसून नीट, सावकाश, उजेडात असल्याच्या खात्रीनं चालले होते, आणि मागून पाहणाऱ्याला ते नव्हतेच.

तिला हसू आलं. ओठ रुमालात बांधलेले होते, त्या रुमालाच्या आत ती हसली. पुढं जाऊन त्यांच्या बाजूनं गाडी घ्यायची आणि सांगायचं, एवढंच करायचं होतं. एक मिनिटाचं काम. ती हलली नाही. मागून एक ट्रक आला, त्याचा उजेड तिच्या पाठीवर चढला, तिची सावली लांब होऊन पांढऱ्या गाडीवर पडली, मग ट्रकनं उजवीकडे अंग घेतलं आणि दोघांना ओलांडून गेला. दुसरा आला, त्यानंही तसंच केलं. तिसऱ्यानं लांबूनच हॉर्न मारला, तिला ओलांडलं, आणि मग पुढची गाडी दिसल्यावर आणखी थोडं उजवीकडे दाबून निघून गेला. तेव्हा गोपिकाला ते कळलं. ते ट्रक तिच्या स्कुटीच्या मागच्या लाल दिव्यामुळं बाजूला होत होते. इतका वेळ ती त्या माणसाच्या पाठीशी त्याचा मागचा दिवा होऊन चालली होती. मानकापूरपासून, पेट्रोल पंपावरून, ह्या राखेतून, तिनं त्याला सांभाळून आणलं होतं.

तिनं स्कुटी डावीकडे कच्च्यावर घेतली आणि थांबवली. इंजिन सुरू होतं, म्हणून दिवाही सुरू होता, पुढचा आणि मागचा. पांढरी गाडी पुढं चालली, धुक्यात विरघळायला लागली. मागं लांबवर दोन पिवळे डोळे दिसले. गोपिकानं किल्ली फिरवली. दिवे गेले. एकदम केवढं शांत झालं. कडेच्या नाल्यात बेडूकही नव्हते, थंडीच होती. दूर कुठंतरी वीज केंद्राची अखंड घरघर. ती अंधारात सीटवर बसून राहिली. पिवळे डोळे मोठे होत आले, क्षणभर तिचा हात, तिची पर्स, रुमाल, सगळं लख्ख उजळलं, आणि ट्रक धडधडत निघून गेला. आता, असं तिच्या आत कुणीतरी म्हणालं. आता. आणि ब्रेकची हवा सुटल्याचा लांबलचक सुस्कारा आला, टायर घासल्याचा आवाज आला, आणि मग धप्प. फार मोठा नाही. भरलेलं पोतं खाली पडावं तसा.

ट्रकवाला. पहिला विचार तिला त्याचा आला, सरांचा नव्हे. तो म्हणेल, दिसलाच नाही साहेब. आणि ते खरं असेल. आणि ते खरं आहे हे जगात एकट्या तिलाच माहीत असेल. तिनं किल्ली फिरवली, इंजिन दोनदा धरता धरता सुटलं, मग लागलं.

पुढं एका पानठेल्यापाशी ट्रक तिरका उभा होता. पांढरी गाडी कडेच्या बाभळीत नाक खुपसून थांबली होती, मागचा डावा कोपरा चेपला होता, डाव्या दिव्याच्या लाल काचा डांबरावर पसरल्या होत्या. सर जिवंत होते. कपाळाला खोक पडली होती, रक्त भुवईवरून गालावर आलं होतं, आणि ते ताठ उभं राहून बोलत होते. पानठेल्यावरची सात-आठ माणसं गोळा झाली होती. गोपिकाला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच, त्याच श्वासात, फसवल्यासारखं वाटलं.

"बिना लाईटचे चालून राहिले आजोबा!" ट्रकवाला ओरडत होता. मध्यम वयाचा, अंगात विटलेलं स्वेटर, भीतीनं आवाज चिरकलेला. "मले तर जवळ आल्यावर दिसले तुम्ही. पूरा ब्रेक दाबला म्हणून वाचले, नाहीतर..."

"लाईट चालू होता माझा." घसा खाकरून, एकेक अक्षर सुटं करून. "हे बघा. अजूनही चालू आहे. डोळे आहेत ना तुम्हाला?" गाडीच्या तोंडावरच्या पांढऱ्या पट्ट्या खरंच बाभळीच्या काट्यांत झगझगत होत्या.

"समोरचा नाही, आजोबा! मागचा! मागचा कुठी होता?"

"मागचा तुम्ही फोडलात. वायर तुटली असेल धडकेनं, म्हणून दुसराही गेला. दारू पिऊन चालवता तुम्ही लोक आणि वर..."

"कसम से सांगतो, एक थेंब नाही घेतला! रुपराव नाव आहे माझं, कन्हानचा आहो, वीस वर्षांपासून ह्या रोडनं कोळसा वाहून राहिलो, विचारा कोणालेही!"

पण कुणी विचारलं नाही. माणसं पट्ट्यांकडे पाहत होती, सरांच्या रक्ताकडे पाहत होती, त्यांच्या इस्त्रीच्या कुर्त्याकडे पाहत होती. एक जण म्हणाला, "सर म्हणून राहिले तं असन चालू." दुसऱ्यानं पोलिसांना फोन लावायला खिशात हात घातला. रुपराव ट्रकच्या बंपरला टेकला. त्याच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते गोपिकानं चौकीतल्या आरशात पाहिलेलं होतं, स्वतःच्या चेहऱ्यावर.

सरांची नजर तेव्हा तिच्यावर पडली. ती घोळक्याच्या मागं स्कुटीवर बसली होती, दिवा चालू. त्यांनी डोळे बारीक केले आणि त्यांचा चेहरा उजळला. "ताई! तुम्ही मानकापूरला होतात ना माझ्या शेजारी? ह्याच बाजूला आलात तुम्हीही. माझ्या मागंच असाल. सांगा यांना. लाईट चालू होता ना माझा?"

सगळे वळले. गोपिकानं तोंडावरचा रुमाल सोडला. रुपरावचा विचार तेव्हा तिच्या मनात नव्हता, हे नंतर तिला स्वच्छ आठवलं. तिच्या मनात फक्त जिभेवर आलेल्या दोन शब्दांची चव होती.

"बंद होता," ती म्हणाली.

"नीट आठवा, ताई."

"मानकापूरपासून मी मागं होते. समोरच्या पट्ट्या आपोआप लागतात, सर. मागचे नाही लागत. ते आपण लावायचे असतात. तुम्ही लावलेच नाहीत. वायर तुटली म्हणता ना, मग दांडी फिरवून बघा."

कुणीतरी म्हणालं, "हो बे, आमच्या जावयाच्या गाडीतही तसंच आहे." सर गाडीपाशी गेले. उघड्या दारातून आत वाकले. क्षणभर काही झालं नाही. मग न फुटलेल्या बाजूचा दिवा लाल पेटला, आणि त्याचा उजेड डांबरावरच्या काचांवर, ट्रकच्या बंपरवर, सगळ्यांच्या पायांवर पडला. घोळक्यातून एक "हं" असा आवाज निघाला. रुपराव मटकन खाली बसला आणि डोकं धरून रडायला लागला.

सर पानठेल्याच्या बाकड्यावर बसले होते. कुणीतरी त्यांना पाणी दिलं. गोपिका त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की त्यांना मान वर करावी लागली.

"धम्मदीप रंगारी," ती म्हणाली.

"कोण?"

त्यांना खरंच आठवलं नव्हतं. तिनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं, तिथं काही नव्हतं; नाव ऐकून खोलीतला दिवा लागावा तसं काहीही झालं नाही. ती थांबली. पाच वर्षं थांबली होती, आणखी थोडं. मग त्यांचा हात ग्लासासकट खाली आला, पाणी धोतरावर सांडलं.

"त्याचा लाईट चालू होता," गोपिका म्हणाली. "त्याला बटणच नव्हतं. तुम्ही खोटं बोललात."

"नाही हो." घसा खाकरायचा त्यांनी प्रयत्न केला, जमलं नाही. "खोटं नाही बोललो. मला दिसला नाही, एवढं खरं. मग वकिलांनी विचारलं, लाईट होता का त्याचा? मी म्हटलं, नसेलच. असता तर मला दिसला असता. मग सांगता सांगता ते... मला अजूनही डोळ्यांसमोर येतो तो दिवा. बंदच दिसतो." त्यांनी कपाळावरचं रक्त तळहातानं पुसलं आणि तळहाताकडे बघत राहिले. "आज मला माझाही चालूच दिसत होता."

गोपिकाला खोटारडा हवा होता. इतकी वर्षं दाढेखाली धरलेलं ते खांड खोटारड्याचं होतं, आणि समोर बसलेला हा म्हातारा त्या खांडाच्या मापाचा नव्हता. त्याबद्दल तिला त्याचा आणखी राग आला. हेही यानं हिरावून घेतलं, एवढंही याला तिच्यासाठी राखून ठेवता आलं नाही.

"म्हणा," ती म्हणाली. "त्याचा लाईट चालू होता. म्हणा."

"होता," ते पुटपुटले.

"सगळं म्हणा. नाव घेऊन."

"धम्मदीप रंगारींचा लाईट चालू होता."

"मोठ्यानं."

त्यांनी मोठ्यानं म्हटलं. आवाज फाटला, अक्षरं एकमेकांत अडकली. पानठेल्यावरच्या माणसांना काही कळलं नाही, एकानं तिच्याकडे बघून म्हटलं, "जाऊ द्या ना बाई, बुजुर्ग माणूस आहे, रक्त निघून राहिलं त्याचं." गोपिकानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं ते वाक्य सरांकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं, आणि ते म्हणताना त्यांचे ओठ कसे थरथरतात ते शेवटपर्यंत पाहिलं. गोड लागलं तिला. खोटं कशाला, फार गोड लागलं.

ती स्कुटीकडे वळली तर रुपराव हात जोडून उभा. "ताई, तुम्ही देवासारख्या आल्या. तुम्ही नसत्या तं माझे लेकरं उघड्यावर आले असते." आणि मग, डोळे पुशीत, सहज, "मी पाह्यलं तुम्हाले मागं. कडेले अंधारात उभ्या होत्या, लाईटबिईट काही नाही. मले वाटलं काय झालं बाईले. काहून थांबल्या होत्या?"

लाल उजेड त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता. नजर साधी होती. त्याला फक्त उत्तर हवं होतं, कुठलंही चाललं असतं.

"गाडी बंद पडली होती," गोपिका म्हणाली.

"अस्सं. थंडीत पडते," रुपराव म्हणाला.

परत येताना तिनं कुठंच गाडी थांबवली नाही. समोरून ट्रक येत होते, त्यांचे दिवे डोळ्यांवर येऊन फुटत होते, आणि प्रत्येक फुटण्याबरोबर तो धप्प आवाज यायचा आणि जायचा. तो ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला असता तर, हा प्रश्न नारी रोडपर्यंत तिच्या मागं मागं आला. तिनं त्याला पुढं येऊ दिलं नाही.

दारात पिंकी उभी होती, तिची लेक, बारावीतली, हातात फोन. "काहून वं आई, किती उशीर? फोनही उचलून नाही राहिली. आजी तं रडायले आली होती."

"गाडी बंद पडली होती."

"मग?"

"मग काय, किक मारून मारून झाली सुरू एकदाची."

ह्या खेपेला ते अगदी सहज निघालं. किकचं तर तिनं ठरवलंही नव्हतं. आतून इंदूबाई म्हणाल्या, त्या गाडीले एकदा दाखव मेकॅनिकले. गोपिका हो म्हणाली. तिनं चपला काढल्या, आणि उजव्या पावलात खरंच कळ आल्यासारखी वाटली, थंडीत एकटीनं कितीतरी वेळ किक मारावी तशी. ती मोरीवर गेली, दातांतली राख चूळ भरून टाकली. मग ताटावर बसली आणि पिंकी भाजी वाढेपर्यंतही तिला दम निघाला नाही. कोरडीच भाकरी मोडून तिनं तोंडात घातली, आणि आणखी एक मागितली.